घरचे पाणी आणि कुंपणाचा नियम

प्राथमिक शाळेच्या आरोग्यशिक्षणात पाण्याचा विचार बहुधा दोन अंगांनी होतो. पाणी शुद्ध असावे आणि पाणी वाया जाऊ नये, ही ती दोन अंगे होत. याहून निराळे व तितकेच महत्त्वाचे तिसरे अंग पुष्कळदा राहून जाते. घराजवळ साठविलेले पाणी लहान मुलाच्या जिवाला धोक्याचे असते, हे ते अंग होय. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली. त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. ही मुले शाळेत येण्याच्या वयाचीही झाली नव्हती. म्हणून त्यांच्या रक्षणाचा पाठ त्यांच्या थोरल्या भावंडांना आणि त्यांच्यामार्फत घराला द्यावा लागतो. हे काम गावात शिक्षकाइतके दुसऱ्या कोणास सहज साधण्यासारखे नाही.

या पाठासाठी उदाहरण घेतले आहे ते घरच्या पोहण्याच्या हौदाचे. ग्रामीण शाळेला हे उदाहरण प्रथमदर्शनी दूरचे वाटेल. परंतु घरच्या पाण्याविषयीचे नियम या हौदांच्या बाबतीत जितक्या बारकाईने आखले गेले आहेत, तितके अन्यत्र क्वचितच आढळतात. शिवाय बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे हौद आता महाराष्ट्रातील अंगणांतही दिसू लागले आहेत. नियम समजून घेतला म्हणजे तो विहिरीला, सिमेंटच्या हौदाला आणि शेततळ्याला कसा लावावा, हे शिक्षकांस आपोआप उमजेल.

१. जमिनीवरचा हौद

पोहण्याचा तलाव म्हटले की जमिनीत खोदलेला, फरशी बसविलेला तलाव डोळ्यांपुढे येतो. परंतु ऑस्ट्रेलिया, अमेरिका इत्यादी देशांत पुष्कळ घरी न खोदता अंगणातच हौद उभा करतात. लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभारून त्यात जाड प्लॅस्टिकचे कापड ताणतात आणि पाणी भरतात. हवा भरून फुगविण्याचे हौदही मिळतात. असा हौद एका दिवसात उभा राहतो, त्यामुळे तो बांधकाम आहे असे कोणास वाटत नाही. तो खेळणे वाटतो, आणि खरा धोका या समजुतीतच असतो.

हौदातील पाण्याचे वजन मुलांकडून काढून घ्यावे. हौद ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि त्यात पाणी ७५ सेंटिमीटर खोल आहे असे धरू. त्याचे घनफळ साडेचार घनमीटर, म्हणजे ४,५०० लिटर होते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो; तेव्हा त्या हौदात ४,५०० किलो पाणी आहे. ५० किलोच्या पोत्यांच्या हिशेबाने ही नव्वद पोती झाली. जागा उताराची असेल तर पाण्याचा भार खालच्या अंगाला पडतो आणि तेथील भिंत दबते. म्हणून असा हौद नेहमी सपाट, घट्ट जमिनीवरच मांडावयाचा असतो. हौदाच्या पंपाची वीजही धोक्याची असते. तिला अर्थिंग व गळती होताच प्रवाह तोडणारे साधन हवे, आणि मुले पाण्यात उतरण्यापूर्वी पंप बंद केलेला हवा.

२. मूल बुडते कसे

बुडणारे मूल हातपाय आपटते, ओरडते, आणि ती हाक ऐकून कोणी तरी धावत येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा तसे होत नाही. तोंड पाण्याखाली गेले की ओरडता येत नाही. दीडदोन वर्षांच्या बालकाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते पाण्यात वाकून पाहते, तोल जाऊन डोक्यावर पडते, आणि आधार नसल्यामुळे त्यास पुन्हा उठता येत नाही. त्यामुळे गुडघाभर पाण्यातच नव्हे, तर पाण्याने भरलेल्या बादलीतही बालक बुडू शकते. हे सारे आवाज न होता, काही मिनिटांत घडते.

या मिनिटांत घरातील मोठी माणसे काय करीत असतात, हा प्रश्न शिक्षकांनी अवश्य विचारात घ्यावा. आई चुलीवरचे दूध उतरवीत असते. आजी दारी आलेल्या माणसाशी बोलत असते. वडील गोठ्यात असतात. यांपैकी कोणीही बेफिकीर नसते. पाच मिनिटे नजर हटणे हा संसाराचा नित्यक्रम आहे. म्हणून 'मुलाकडे लक्ष ठेवा' हा उपदेश खरा असला तरी पुरेसा नाही. लक्ष चुकेल हे गृहीत धरून, त्या चुकलेल्या मिनिटांत मूल व पाणी यांच्यामध्ये काही तरी उभे असावे, हे कुंपणाच्या नियमाचे मूळ तत्त्व होय.

३. न्यू साउथ वेल्सचा नियम

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या राज्याचा पोहण्याच्या तलावांविषयीचा कायदा १९९२ चा आहे. पोहण्यासाठी असलेल्या ज्या हौदात ३० सेंटिमीटरांहून अधिक खोल पाणी भरता येते, त्या प्रत्येकास तो लागू होतो. हौद जमिनीत खोदलेला आहे की जमिनीवर उभा केलेला, कायमचा आहे की उन्हाळ्यापुरता, यावरून सूट मिळत नाही. नियमांतील मुख्य मापे व त्यांची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

कुंपणाची उंची निदान १.२ मीटर असावी. कारण लहान बालकास ती सहजी ओलांडता येत नाही.

दोन गजांमधील व कुंपणाच्या खालची फट १० सेंटिमीटरांहून अधिक नसावी. कारण तेवढ्या फटीतून बालकाचे अंग जात नाही.

फाटक पाण्यापासून बाहेरच्या दिशेने उघडावे, हात सोडताच आपोआप मिटावे आणि त्याची कडी आपोआप बसावी. बालकाने फाटक ढकलले तर ते उघडण्याऐवजी अधिकच मिटते. आपोआप मिटण्याचे कारण असे की, हातात सामान असलेले माणूस फाटक लावावयास विसरते.

कुंपणाजवळ ९० सेंटिमीटरांच्या आत चढण्याजोगी वस्तू असू नये. कारण कुंपण उंच असले तरी शेजारी ठेवलेली खुर्ची, कुंडी किंवा पालथी बादली त्याची उंची कमी करते.

हौदाजवळ कृत्रिम श्वासोच्छ्वासाची कृती दाखविणारा फलक लावलेला असावा. लहान मुलांवर मोठ्यांनी नजर ठेवावी आणि फाटक सदैव मिटलेले असावे, या सूचनाही त्यावर असतात.

मालकाने आपल्या हौदाची नोंदणी करावयाची असते, आणि हौदांची तपासणी करण्याचा कार्यक्रम स्थानिक परिषदेने आखावयाचा असतो. नियमाचे खरे बळ येथे आहे. कायदा राज्याचा असला तरी अंगणात येऊन फट मोजणारा माणूस स्थानिक संस्थेचा असतो.

अमेरिकेत ग्राहकवस्तूंच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या केंद्रीय आयोगाने मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्यांना कायद्याचे रूप देणे हे राज्यांचे व स्थानिक संस्थांचे काम आहे. या सूचनांत ४८ इंच, म्हणजे सुमारे १.२ मीटर उंचीचा अडथळा सांगितला आहे. जमिनीवरील हौदाची भिंत पुरेशी उंच असल्यास तीच अडथळा म्हणून चालते. परंतु मग चढण्याची शिडी कुलूपबंद करावी अथवा काढून ठेवावी लागते. शिडी तशीच राहिली तर उंच भिंतीचा काहीच उपयोग नाही, हे मुलांच्याही लगेच ध्यानी येईल. न्यूझीलंडमध्ये ४० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक खोलीच्या तलावांना कुंपणाची सक्ती आहे. याउलट फ्रान्सचा ३ जानेवारी २००३ चा कायदा पूर्णतः अथवा अंशतः जमिनीत असलेल्या खासगी तलावांपुरता आहे. जमिनीवर उभे केलेले हौद त्यातून वगळले आहेत. एकाच धोक्याविषयी निरनिराळे देश निरनिराळी मर्यादा घालतात, हे यावरून दिसते. पाण्याचा धर्म मात्र सर्वत्र सारखाच आहे.

४. घराची भिंत हे कुंपण नव्हे

या नियमांतील सर्वांत वादाचा मुद्दा वेगळाच होता. आवाराला तिन्ही बाजूंनी कुंपण आहे आणि चौथ्या बाजूस घर आहे. मग आणखी कुंपण कशाला, असे मालक म्हणत. न्यू साउथ वेल्समध्ये १ ऑगस्ट १९९० पूर्वीच्या तलावांना अशी सवलतही होती. मात्र घराची दारे-खिडक्या बालकास उघडता येणार नाहीत अशी व्यवस्था लागे. पुढे बांधलेल्या तलावांसाठी नियम कडक होत गेला.

यामागील कारण साधे आहे. आवाराचे कुंपण शेजाऱ्याच्या मुलास अडविते. घरातले मूल तर घरातूनच बाहेर येते. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये एक उघडे दार तेवढे असते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील अभ्यास एकत्र तपासले असता, तलावाला स्वतंत्रपणे चारही बाजूंनी घातलेले कुंपण हे केवळ आवाराच्या कुंपणाहून अधिक परिणामकारक ठरल्याचे आढळून आले आहे. पाठात इतर मापे विसरली गेली तरी चालतील. पाणी घरापासूनही वेगळे केले पाहिजे, ही गोष्ट मुलांच्या मनावर पक्की बिंबली पाहिजे.

५. नियम गावात आणताना

आता हीच पट्टी गावातील पाण्याला लावून पाहावी.

दारातला सिमेंटचा हौद : याची भिंत बहुधा कंबरेइतकी असते आणि तिला लागून धुणे धुण्याचा दगड असतो. हा दगड म्हणजे वर सांगितलेली शिडीच होय. दगड हलविता येत नसेल तर हौदावर बिजागरीचे झाकण किंवा लोखंडी जाळी बसवून तिला बालकाच्या हाताबाहेर कडी लावावी. पिंपांना घट्ट झाकण असावे, आणि काम संपताच बादली रिकामी करून पालथी घालावी. प्लॅस्टिकचा लहान हौद रोज रिकामा करावा. त्यामुळे डासांची पैदासही टळते.

विहीर : कठडा १.२ मीटर उंच आहे काय, कोठे ढासळला आहे काय, आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी फाटक आहे काय, हे पाहावे.

शेततळे : 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून शेततळी गावोगाव दिसू लागली. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल हे त्यांचे एक प्रचलित माप आहे. पाणी मुरू नये म्हणून अनेक तळ्यांत प्लॅस्टिकचे कापड अंथरतात. ओले झाल्यावर ते इतके निसरडे होते की पोहता येणाऱ्या धडधाकट माणसासही उतारावरून वर येता येत नाही. म्हणून येथे कुंपण तर हवेच. शिवाय प्रत्येक बाजूस काठावरील खुंटाला बांधून पाण्यापर्यंत सोडलेला, ठिकठिकाणी गाठी मारलेला जाड दोर हवा. हवा भरलेली ट्यूब किंवा घट्ट झाकणाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन दोराला बांधून जवळ ठेवावे.

शेततळ्याभोवती काटेरी तारेच्या तीनचार ओळी ताणलेल्या पुष्कळ ठिकाणी आढळतात. त्या गुरांना अडवितात. बालकास अडवीत नाहीत. खालच्या तारेखालून ते रांगत आत जाते. दहा सेंटिमीटरांची कसोटी लावली की हा फरक तत्काळ दिसून येतो. तारेच्या आतून जमिनीपर्यंत बारीक छिद्रांची जाळी लावणे हा त्यावरचा उपाय होय.

कुंपणाच्या जोडीला बालकास सुरक्षित बसविण्याची जागाही लागते. बांगलादेशातील काही खेड्यांत 'आँचल' नावाची केंद्रे चालविण्यात आली. सकाळच्या वेळी, जेव्हा आया कामात सर्वांत अधिक गुंतलेल्या असतात, तेव्हा एक ते पाच वर्षांची मुले गावातीलच एका प्रशिक्षित बाईच्या देखरेखीखाली तेथे बसतात. अंगणवाडीच्या वेळा आणि शेतीच्या हंगामातील कामाच्या वेळा यांचा मेळ बसतो की नाही, हे शिक्षक व अंगणवाडीताईंनी एकत्र बसून पाहणे या दृष्टीने उपयुक्त ठरेल.

६. पाठाची मांडणी (इयत्ता चौथी व पाचवी)

उद्देश : घराजवळील पाण्याचा धोका ओळखणे, लांबीच्या मापांचा प्रत्यक्ष उपयोग करणे, बुडणाऱ्यास सुरक्षितपणे मदत कशी करावी हे जाणणे.

साहित्य : मीटरपट्टी, दोरी, खडू, जुनी वर्तमानपत्रे, चिकणमाती, दोन बाके, रिकामा प्लॅस्टिकचा कॅन.

प्रस्तावना : पुढील प्रश्न विचारावेत. तुमच्या घरी पाणी कोठे कोठे साठविलेले असते? घरातील सर्वांत लहान भावंडाचे वय काय? ते एकटे पाण्यापर्यंत पोहोचू शकेल काय? वाटेत त्यास कोण किंवा काय अडवील? 'आई पाहते' असे उत्तर येईल. त्यावर, आई पाणी आणावयास गेली असता कोण पाहते, असा उपप्रश्न विचारावा.

कृती पहिली : वर्गाच्या भिंतीवर १.२ मीटर उंचीची रेघ मुलांकडून काढवून घ्यावी. नंतर भिंतीशी एक उपडी बादली ठेवावी, म्हणजे रेघ किती खाली आल्यासारखी होते हे त्यांनीच मोजावे.

कृती दुसरी : कागदाचा लगदा किंवा माती यांचा १० सेंटिमीटर व्यासाचा गोळा मुलांनी करावा. हा गोळा शाळेच्या खिडकीच्या व फाटकाच्या गजांमधून जातो काय ते पाहावे. जेथे गोळा जातो तेथून बालक जाऊ शकते, असे मानावयाचे.

कृती तिसरी : दोन बाकांमध्ये 'तळे' कल्पून एका मुलास मध्ये बसवावे. काठावरच्या मुलाने पालथे पडून काठी पुढे करावी, किंवा दोराला बांधलेला कॅन फेकावा. कोणीही उडी मारावयाची नाही. एकास वाचविण्यासाठी दुसऱ्याने उडी घ्यावी आणि दोघेही बुडावे, असे अनेकदा घडते, हे स्पष्ट सांगावे.

फलकलेखन :
पाणी घरापासून वेगळे करा.
फाटक मिटलेले, कडी लावलेली.
कुंपणाजवळ चढण्याजोगे काही नको.
मोठ्याने हाक मारा, काठी पुढे करा, दोर फेका. उडी मारू नका.

गृहपाठ : मुलांनी घरातील मोठ्या माणसाबरोबर साठविलेल्या पाण्याच्या जागांची यादी करावी. प्रत्येक जागेपुढे झाकण, कुंपण, फाटक, जवळची चढण्याची वस्तू असे चार रकाने आखावेत.

शिक्षकांस सूचना : मापे घेण्यासाठी मुलांना विहिरीवर वा शेततळ्यावर नेऊ नये, सराव शाळेच्या आवारातच करावा. याद्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नयेत. ज्या घरी जाळी बसविण्याची ऐपत नाही, त्या घरच्या मुलास खाली पाहावे लागेल असे काही घडू नये. गावात पूर्वी अशी दुर्घटना झाली असल्यास त्या घरचे नाव पाठात येऊ देऊ नये. तसेच पाण्याची भीती घालणे हा पाठाचा हेतू नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांना जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहावयास शिकविणे हाही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या उपायांपैकी एक आहे.

७. बाहेर काढल्यानंतर

बुडालेल्यास पायांना धरून उलटे टांगणे, गरगर फिरविणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार अजूनही आढळतात. त्यांत मोलाची मिनिटे जातात आणि अपाय होतो. पोटातील पाणी काढणे हा उपाय नव्हे. श्वास पुन्हा चालू करणे हाच खरा उपाय होय. एकाने १०८ वर दूरध्वनी करावा. दुसऱ्याने बुडालेल्यास कठीण जमिनीवर उताणे निजवून डोके किंचित मागे करावे व हनुवटी उचलावी. श्वास नीट चालू नसेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा दाब व २ श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दाबाचा वेग मिनिटास १०० ते १२० असावा. ही कृती वाचून पुरती साधत नाही. म्हणून प्रत्येक शाळेतील निदान एका शिक्षकाने ती प्राथमिक आरोग्य केंद्रातील किंवा अन्य प्रशिक्षित व्यक्तीकडून शिकून घ्यावी. शुद्धीवर आलेल्या मुलासही दवाखान्यात नेलेच पाहिजे.

८. शाळेबाहेरचे काम

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ एप्रिल २०२१ रोजी ठराव करून २५ जुलै हा बुडण्याच्या प्रतिबंधाचा जागतिक दिवस ठरविला. महाराष्ट्रात त्या सुमारास पाऊस स्थिरावलेला असतो आणि तळी भरत आलेली असतात. हा पाठ त्या आठवड्यात घ्यावा, आणि उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी त्याची उजळणी करावी.

मुलांच्या याद्यांतून शाळेला गावातील उघड्या पाण्याचा साधारण अंदाज येईल. कोणाचेही नाव न घेता तो शाळा व्यवस्थापन समितीपुढे आणि ग्रामसभेपुढे मांडता येईल. किती विहिरींचे कठडे ढासळले आहेत, किती शेततळ्यांना जाळी नाही, किती हौद उघडे आहेत, एवढे आकडे पुरेत. न्यू साउथ वेल्समध्ये फट मोजावयास स्थानिक परिषदेचा माणूस येतो. गावात तसा माणूस येईपर्यंत दहा सेंटिमीटरांचा गोळा मुलांच्या हाती आहे. ज्या घरी यादी पोहोचली, तेथील एका हौदावर जरी झाकण आले, तरी त्या घरचे धाकटे मूल पुढे शाळेच्या पटावर येईल.